सेसिलिया पेन-गापोश्किन

सेसिलिया हेलेना पेन-गापोश्किन (जन्म : १० मे १९००, वेंडोव्हर, इंग्लंड, मृत्यू : ७ डिसेंबर १९७९, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स, अमेरिका) या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ होत्या. तारे मुख्यत्वे हायड्रोजन आणि हेलियम या दोन हलक्या मूलद्रव्यांचे बनलेले आहेत, हे दर्शविणारा निष्कर्ष त्यांनी १९२५ मध्ये आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात प्रथम मांडला. त्या वेळच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांना तो मान्य नव्हता. त्यामुळे प्रबंधातच त्यांना तो खरा नसावा असे लिहावे लागले. चार वर्षांनी तोच निष्कर्ष स्वतंत्र मार्गाने सिद्ध झाला. ताऱ्यामध्ये किती इंधन आहे आणि ते किती काळ पुरेल, यावर ताऱ्याच्या वयाचे गणित आधारलेले असते. त्यामुळे ताऱ्यांच्या वयोमापनाच्या आजच्या पद्धतींच्या मुळाशी त्यांचे हे संशोधन आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या कला व विज्ञान शाखेत अंतर्गत बढतीने पूर्ण प्राध्यापकपद मिळविणाऱ्या आणि तेथील एखाद्या विभागाच्या प्रमुख होणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

बालपण आणि शालेय शिक्षण

सेसिलिया यांचा जन्म बकिंगहॅमशायर परगण्यातील वेंडोव्हर या गावी झाला. त्यांचे वडील एडवर्ड जॉन पेन हे बॅरिस्टर, इतिहासकार आणि संगीताचे जाणकार होते. आई एमा यांचे घराणे मूळचे प्रशियातील होते. सेसिलिया चार वर्षांच्या असताना वडिलांचे निधन झाले आणि तीन मुलांचे संगोपन आईने एकटीने केले. भाऊ हंफ्री पेन पुढे पुरातत्त्वज्ञ झाले व अथेन्स येथील ब्रिटिश स्कूलचे संचालक होते.

लहानपणी आईने वर्णन करून सांगितलेली मधमाशीच्या आकाराची ऑर्किडची फुले त्यांना एके दिवशी घराजवळच्या बागेत प्रत्यक्ष दिसली. ती ओळखता आल्याचा आनंद इतका मोठा होता, की आपण शास्त्रज्ञच व्हायचे असे त्यांनी तेव्हाच ठरविले. मुलाच्या शिक्षणासाठी आई कुटुंबासह लंडनला आली. तेथील ज्या शाळेत सेसिलिया शिकत होत्या, तेथे धार्मिक वातावरण प्रबळ होते. प्रार्थनेचा परिणाम तपासण्यासाठी त्यांनी परीक्षेचे विषय दोन गटांत विभागले आणि एकाच गटासाठी प्रार्थना केली. ज्या गटासाठी प्रार्थना केली नव्हती, त्यात त्यांना अधिक गुण मिळाले. हा प्रसंग त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदविला आहे.

१९१८ मध्ये त्यांनी सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये प्रवेश घेतला. तेथे विज्ञान शिकविण्याची चांगली सोय होती. प्रसिद्ध संगीतकार गुस्टाव्ह होल्स्ट हे या शाळेत संगीत शिकवीत असत व सेसिलिया यांनी संगीतक्षेत्रात यावे असे त्यांना वाटे. सेसिलिया यांनी मात्र विज्ञानाची निवड केली. १९१९ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिज विद्यापीठाच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या.

केंब्रिजमधील विद्यार्थिदशा

केंब्रिजमध्ये त्यांनी सुरुवातीस वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय घेतले होते. २९ मे १९१९ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी आर्थर एडिंग्टन आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळील प्रिन्सिपे बेटावर गेले होते. सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे प्रकाशकिरण वाकतात, हे आल्बर्ट आइनस्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताचे भाकीत या वेधांनी तपासले गेले. या मोहिमेवर एडिंग्टन यांनी केंब्रिजमध्ये व्याख्यान दिले. न्यूनहॅमच्या विद्यार्थिनींसाठी मोजक्याच प्रवेशिका होत्या. एका मैत्रिणीला जाता न आल्याने तिची प्रवेशिका सेसिलिया यांना मिळाली. व्याख्यानानंतर खोलीवर परतून त्यांनी ते जवळजवळ शब्दशः लिहून काढले आणि खगोलशास्त्राकडे वळण्याचा निश्चय केला.

विद्यापीठात खगोलशास्त्र हा गणित शाखेचा भाग मानला जाई. त्यामुळे विज्ञान शाखेत राहून त्यांनी भौतिकशास्त्र हा मुख्य विषय घेतला. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्यांना अर्नेस्ट रदरफोर्ड यांची व्याख्याने ऐकायला मिळाली. वरच्या वर्गात त्या एकट्याच विद्यार्थिनी होत्या. नियमाप्रमाणे त्यांना पहिल्या रांगेत बसावे लागे व वर्गातील चेष्टेस तोंड द्यावे लागे. न्यूनहॅम महाविद्यालयाची लहानशी वेधशाळा वापराविना पडून होती. ती त्यांनी दुरुस्त करून पुन्हा सुरू केली आणि लोकांना आकाशदर्शनासाठी खुली केली.

पहिले संशोधन : मेसियर ३६

आपल्याला खगोलशास्त्रज्ञ व्हायचे आहे, असे सेसिलिया यांनी एडिंग्टन यांना सांगितले, तेव्हा एडिंग्टन यांनी त्यांना वेधशाळेच्या ग्रंथालयाचा वापर करू दिला आणि संशोधनासाठी एक प्रश्नही दिला. एका काल्पनिक ताऱ्याच्या केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत तापमान व दाब कसे बदलत जातात, याची आकडेमोड करायची होती. केंद्राकडून सुरू केलेले गणित पृष्ठभागाशी येऊन अडले. या प्रश्नाचे उत्तर एडिंग्टन यांनाही तोवर सापडलेले नव्हते.

त्यानंतर त्यांना वेधांवर आधारित काम मिळाले. सारथी तारकासमूहातील मेसियर ३६ या तारकागुच्छाची वेगवेगळ्या काळी घेतलेली छायाचित्रे ताडून त्यातील व आसपासच्या ताऱ्यांची निजगती मोजणे, हे ते काम होते. निजगती म्हणजे ताऱ्याचे आकाशाच्या पटावर वर्षानुवर्षे होणारे अतिसूक्ष्म सरकणे. गुच्छातील तारे एकाच दिशेने व सारख्याच वेगाने सरकतात. त्यामुळे गुच्छाचे खरे सदस्य कोणते आणि केवळ त्याच दिशेला दिसणारे तारे कोणते, हे निजगतीवरून ठरविता येते. हे संशोधन १९२३ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध झाले. तो सेसिलिया यांचा पहिला शोधनिबंध होय.

तारकागुच्छाचे वय काढताना आजही पहिली पायरी हीच असते. गुच्छातील तारे एकाच वायुमेघातून जवळजवळ एकाच वेळी जन्मलेले असल्याने त्यांचे वय सारखे असते. परक्या ताऱ्यांची सरमिसळ झाली, तर उत्तर चुकते. मेसियर ३६ चे वय आज सुमारे अडीच कोटी वर्षे मानले जाते. म्हणजेच ताऱ्यांच्या हिशेबात तो अगदी तरुण गुच्छ आहे. १९२३ मध्ये मात्र असे वय काढण्याचे साधन कोणाकडेच नव्हते, कारण तारे कशाचे बनलेले आहेत आणि कशावर जळतात हे ठाऊक नव्हते.

सेसिलिया यांनी १९२३ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण केला. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पूर्ण पदवी देत नसे. हा नियम १९४८ मध्ये बदलला. इंग्लंडमध्ये राहिल्यास अध्यापिकेच्या नोकरीपलीकडे मार्ग नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. हार्वर्ड वेधशाळेचे संचालक हार्लो शॅपली यांचे व्याख्यान त्यांनी लंडनमध्ये ऐकले होते. शॅपली तेथे उच्च शिक्षणाचा नवा अभ्यासक्रम सुरू करीत होते. त्यांनी देऊ केलेल्या पाठ्यवृत्तीवर सेसिलिया १९२३ मध्ये अमेरिकेस गेल्या.

हार्वर्डमधील प्रबंध

हार्वर्ड वेधशाळेत ताऱ्यांच्या वर्णपटांच्या छायाचित्रित काचपट्ट्यांचा जगातील सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक संग्रह होता. ॲनी जंप कॅनन यांनी या पट्ट्यांवरून सव्वादोन लाखांहून अधिक ताऱ्यांचे वर्गीकरण केले होते. वर्णपटातील काळ्या रेषांवरून ताऱ्याच्या वातावरणात कोणती मूलद्रव्ये आहेत हे समजते. परंतु एखाद्या मूलद्रव्याच्या रेषा एका ताऱ्यात ठळक आणि दुसऱ्यात पुसट का दिसतात, हे कोडे होते. ठळक रेषा म्हणजे ते मूलद्रव्य अधिक, असा सरळ अर्थ लावला जाई.

या कोड्याची किल्ली भारतातून आली होती. कोलकाता येथील मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये औष्णिक आयनीभवनाचा सिद्धांत मांडला. तापमान वाढले की अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटू लागतात. कोणत्या तापमानाला व दाबाला किती अणू आयनीभूत होतील, हे साहा यांच्या समीकरणाने काढता येते. राल्फ फाउलर आणि एडवर्ड मिल्न यांनी केंब्रिजमध्ये हा सिद्धांत पुढे विकसित केला. सेसिलिया यांनी हा सिद्धांत हार्वर्डच्या वर्णपटांना पद्धतशीरपणे लावला. ताऱ्यांच्या वर्णपटांतील फरक प्रामुख्याने तापमानामुळे पडतात, घटकांतील फरकामुळे नव्हे, हे त्यांनी दाखविले आणि निरनिराळ्या वर्गांच्या ताऱ्यांची तापमाने निश्चित केली.

त्यानंतर त्यांनी १८ मूलद्रव्यांचे प्रमाण काढले. सिलिकॉन, लोह, कॅल्शियम इत्यादी जड मूलद्रव्यांचे आपसांतील प्रमाण पृथ्वीच्या कवचातील प्रमाणाशी बरेचसे जुळले. हेलियम आणि विशेषतः हायड्रोजन यांची उत्तरे मात्र सर्वस्वी अनपेक्षित होती. हायड्रोजनच्या दृश्य रेषा उमटण्यासाठी अणूतील इलेक्ट्रॉन दुसऱ्या ऊर्जापातळीवर असावा लागतो. सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाला कोट्यवधी अणूंमागे एखादाच अणू त्या स्थितीत असतो. तरीही सूर्याच्या वर्णपटात या रेषा स्पष्ट दिसतात. याचा अर्थ हायड्रोजनचे एकूण प्रमाण प्रचंड असले पाहिजे. सेसिलिया यांच्या गणिताप्रमाणे ते धातूंच्या सुमारे दहा लाख पट होते.

रसेल यांचा आक्षेप

प्रबंधाचा मसुदा शॅपली यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातील हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे अभिप्रायार्थ पाठविला. ताऱ्यांच्या अभ्यासात रसेल यांचा शब्द त्या काळी अमेरिकेत प्रमाण मानला जाई. सूर्य व पृथ्वी यांची घडण सारख्याच द्रव्यांची आहे, पृथ्वीचे कवच सूर्याइतके तापविले तर त्याचा वर्णपट सूर्यासारखाच दिसेल, असे ते मानीत. प्रबंधाच्या इतर भागाची त्यांनी प्रशंसा केली. हायड्रोजनविषयीचा निष्कर्ष मात्र अशक्य असल्याचे त्यांनी कळविले.

तरुण संशोधिकेचे पुढील सारे भवितव्य अशा अभिप्रायावर अवलंबून होते. सेसिलिया यांनी प्रबंधातून आकडे काढून टाकले नाहीत. ते कोष्टकात तसेच राहू दिले. सोबतच्या मजकुरात मात्र हायड्रोजन व हेलियम यांची ही मोठी प्रमाणे जवळजवळ निश्चितपणे वास्तव नाहीत, असे त्यांनी नमूद केले. आपल्याला बरोबर वाटत असूनही आपण अधिकारी व्यक्तींपुढे माघार घेतली, याचा दोष त्यांनी उतारवयात स्वतःकडेच घेतला.

'स्टेलर ॲटमॉस्फिअर्स' हा प्रबंध १९२५ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या ग्रंथमालेतील पहिला ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला. हार्वर्ड स्त्रियांना पदवी देत नसल्याने डॉक्टरेट त्यांना रॅडक्लिफ महाविद्यालयाकडून मिळाली. या महाविद्यालयाने खगोलशास्त्रात दिलेली ती पहिली डॉक्टरेट होती. पुढे ऑटो स्ट्रूव्ह यांनी हा खगोलशास्त्रात लिहिला गेलेला सर्वांत तेजस्वी प्रबंध असल्याचे मत नोंदविले.

१९२९ मध्ये रसेल यांनी सूर्याच्या वर्णपटाच्या स्वतंत्र अभ्यासातून हायड्रोजनचे विपुल प्रमाण मान्य केले. आपल्या निबंधात त्यांनी सेसिलिया यांच्या आकड्यांशी असलेल्या मेळाचा उल्लेखही केला. तरीही बराच काळ या शोधाचे श्रेय प्रामुख्याने रसेल यांनाच दिले गेले.

ताऱ्यांच्या वयाच्या अभ्यासातील महत्त्व

एकोणिसाव्या शतकात केल्विन व हेल्महोल्ट्झ यांनी सूर्य आकुंचनामुळे तापतो असे मानून त्याचे वय काही कोटी वर्षे काढले होते. किरणोत्सर्गावरून काढलेले पृथ्वीवरील खडकांचे वय त्यापेक्षा कितीतरी अधिक निघाले. मुलापेक्षा आई लहान ठरावी तसा हा पेच होता. हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होऊन ताऱ्याला ऊर्जा मिळत असावी, असे एडिंग्टन यांनी १९२० मध्ये सुचविले होते. परंतु ताऱ्यांत पुरेसे हायड्रोजन असल्याचा पुरावा नव्हता. तो पुरावा सेसिलिया यांच्या कोष्टकात होता.

सेसिलिया यांचा निष्कर्ष ताऱ्यांच्या वातावरणापुरता होता. अंतर्भागातही हायड्रोजनचे प्रमाण मोठे आहे, हे १९३२ मध्ये एडिंग्टन व बेंग्ट स्ट्रमग्रेन यांनी स्वतंत्रपणे दाखविले. १९३९ मध्ये हान्स बेथे यांनी हायड्रोजनपासून हेलियम बनण्याच्या अणुकेंद्रीय प्रक्रिया स्पष्ट केल्या. इंधनाचा साठा आणि खर्चाचा वेग ही दोन्ही माहीत झाल्यावर ताऱ्याचे आयुष्य मोजता येऊ लागले. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे असून मध्यभागातील हायड्रोजन एकूण सुमारे १,००० कोटी वर्षे पुरेल. वजनदार ताऱ्यांकडे इंधन अधिक असते, परंतु ते उधळपट्टीने जळते. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा काही कोटी वर्षांतच ते संपवितो.

तारकागुच्छाचे वय याच तत्त्वावर काढतात. ताऱ्यांचे तापमान आणि तेजस्विता यांचा आलेख काढला, की हायड्रोजन जाळणारे तारे एका तिरप्या पट्ट्यात येतात. त्याला मुख्य श्रेणी म्हणतात. इंधन संपू लागलेले तारे या पट्ट्यापासून वळून तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या दिशेने जातात. सर्वांत तेजस्वी तारे प्रथम वळतात आणि काळ जाईल तसा वळणबिंदू खाली सरकतो. तो कोठे आहे हे पाहून गुच्छाचे वय ठरते. ॲलन सँडेज व मार्टिन श्वार्त्सशिल्ड यांनी १९५२ मध्ये ताऱ्यांच्या उत्क्रांतीचे गणित या दिशेने पुढे नेले. आज पदवी अभ्यासक्रमातील विद्यार्थीही हा आलेख मांडून गुच्छाचे वय काढू शकतात. त्यामागील हायड्रोजनचे प्रमाण गृहीत धरण्याइतके सर्वमान्य झाले आहे.

विवाह आणि रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास

सेसिलिया १९३१ मध्ये अमेरिकेच्या नागरिक झाल्या. १९३३ मध्ये युरोपच्या दौऱ्यात जर्मनीतील गॉटिंगेन येथे त्यांची भेट रशियन खगोलशास्त्रज्ञ सर्गेई गापोश्किन यांच्याशी झाली. नाझी राजवटीत सर्गेई यांचे भवितव्य धोक्यात आले होते. सेसिलिया यांनी खटपट करून त्यांना अमेरिकेचा परवाना व हार्वर्ड वेधशाळेत काम मिळवून दिले. मार्च १९३४ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्यांना एडवर्ड, कॅथरिन आणि पीटर ही तीन अपत्ये झाली.

पतिपत्नींनी मिळून रूपविकारी ताऱ्यांचा, म्हणजे ज्यांची तेजस्विता काळानुसार बदलते अशा ताऱ्यांचा, दीर्घ अभ्यास केला. 'व्हेरिएबल स्टार्स' हा त्यांचा ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. साहाय्यकांसह त्यांनी हार्वर्डच्या काचपट्ट्यांवरून अशा ताऱ्यांची साडेबारा लाखांहून अधिक निरीक्षणे नोंदविली. पुढे मॅगेलन मेघांतील रूपविकारी ताऱ्यांची वीस लाखांहून अधिक निरीक्षणे त्यात जोडली गेली. ताऱ्यांच्या उत्क्रांतीचे टप्पे समजण्यासाठी ही सामग्री उपयुक्त ठरली.

विद्यापीठातील स्थान

डॉक्टरेटनंतर अनेक वर्षे सेसिलिया यांना हार्वर्डमध्ये अधिकृत पद नव्हते. त्या व्याख्याने देत, विद्यार्थ्यांना संशोधनात मार्गदर्शन करीत. पण त्यांचे नाव अध्यापकांच्या यादीत नसे. शॅपली यांच्या साहाय्यक म्हणून त्यांना अल्प वेतन मिळे आणि ते वेधशाळेच्या उपकरणांच्या खर्चात दाखविले जाई. विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल यांचा स्त्रियांच्या नेमणुकीस विरोध होता. १९३८ मध्ये त्यांना खगोलशास्त्रज्ञ हे पदनाम मिळाले. त्या शिकवीत असलेले विषय विद्यापीठाच्या पत्रिकेत १९४५ पर्यंत छापले जात नव्हते.

शॅपली यांच्या निवृत्तीनंतर डोनाल्ड मेंझेल संचालक झाले. सेसिलिया यांचे वेतन किती कमी आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी त्यात मोठी वाढ केली. १९५६ मध्ये सेसिलिया यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले आणि त्याच वर्षी त्या खगोलशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. प्रबंधानंतर ३१ वर्षांनी हे घडले. १९६६ मध्ये त्या अध्यापनातून निवृत्त झाल्या. संशोधन मात्र त्यांनी पुढेही चालू ठेवले. फ्रँक हॉग, हेलन सॉयर हॉग आणि पॉल हॉज हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी होत.

ग्रंथसंपदा

• स्टेलर ॲटमॉस्फिअर्स (१९२५)
• द स्टार्स ऑफ हाय ल्युमिनॉसिटी (१९३०)
• व्हेरिएबल स्टार्स (१९३८, सर्गेई गापोश्किन यांच्यासह)
• स्टार्स इन द मेकिंग (१९५२)
• इंट्रोडक्शन टू ॲस्ट्रॉनॉमी (१९५४)
• द गॅलॅक्टिक नोव्हे (१९५७)
• स्टार्स अँड क्लस्टर्स (१९७९)

विद्यार्थिदशेत एका तारकागुच्छाच्या मोजमापाने सुरू झालेल्या त्यांच्या लेखनाचा शेवटचा मोठा ग्रंथही तारकागुच्छांवरच होता. 'द डायर्स हँड' हे आत्मचरित्र त्यांनी १९७९ मध्ये खासगीरीत्या छापले. ते १९८४ मध्ये कन्या कॅथरिन हारामुंडानिस यांच्या संपादनाखाली इतरांच्या आठवणींसह प्रसिद्ध झाले.

सन्मान

१९३४ मध्ये अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा ॲनी जंप कॅनन पुरस्कार त्यांना मिळाला. या पुरस्काराच्या त्या पहिल्या मानकरी होत. १९३६ मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीने आणि १९४३ मध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेसने त्यांना सदस्यत्व दिले. १९७६ मध्ये त्यांना अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा सर्वोच्च सन्मान मिळाला. ज्यांच्या आक्षेपामुळे त्यांनी आपला निष्कर्ष मागे घेतला होता, त्या हेन्री नॉरिस रसेल यांच्याच नावाने हा सन्मान दिला जातो.

मृत्यू आणि वारसा

७ डिसेंबर १९७९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे सेसिलिया पेन-गापोश्किन यांचे निधन झाले. २०३९ क्रमांकाच्या लघुग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. ब्रिटनमधील इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स त्यांच्या नावाने पदक देते. अमेरिकन फिजिकल सोसायटी त्यांच्या नावाने पुरस्कार देते, तो खगोलभौतिकीतील उत्कृष्ट डॉक्टरेट प्रबंधासाठी असतो.